रिकामं मशीन

भाऊ माझा सख्खा, पण अक्कल वाटत होते तेव्हा कुठे उलथला होता कोण जाणे!

नवरा-बायको वेगळे झाले, तेव्हा मीच पुढे होऊन ठरवलं की त्यांच्या ठमीची ने-आण माझ्या लाँड्रीतून व्हायची. भावजय मागच्या दाराने लेकीला सोडून जाईल. मग भाऊ पुढच्या दाराने येऊन तिला फिरायला नेईल. एकमेकांची तोंडं बघायची नाहीत. बायकोवर हात टाकणाऱ्याला पुन्हा तिच्यासमोर उभं कशाला करायचं?

त्या रविवारी हा शहाणा मुद्दाम लवकर आला, तोही मागच्या दाराने. भावजय ठमीच्या सँडलचा पट्टा लावत होती.

"काय गं, फोन उचलायला हात झडले का?"

"पोरीसमोर नको," ती हळूच म्हणाली.

"तूच तिचे कान भरतेस!" म्हणत याने तिचं मनगट पिरगळलं.

मी इस्त्री ठेवून धावले, तेवढ्यात घरघर सुरू झाली. ठमीने मोठ्या मशीनचं बटण दाबलं होतं. आत साधा रुमालही नव्हता.

"अगं, रिकामं मशीन काय लावतेस?" मी तिच्यावरच खेकसले.

"बाळ उठेल ना. घरी बाबाचा आवाज वाढला की मी मशीन लावायचे, मग त्याला काही ऐकू यायचं नाही."

बाळ इथे नव्हतंच, तिचा तान्हा भाऊ आजीकडे झोपलेला. दुसरीतली पोर ही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाची कॉलर धरली आणि त्याला दाराबाहेर ढकलला.

"ताई, तू माझी बहीण की तिची?"

"मी ठमीची आत्या! कोर्टात विचारू देत, सगळं सांगते. सख्खा म्हणून पोटात घालणार नाही. चालता हो!"

दोन्ही दारांना कड्या लावल्या. तो बाहेरून लाथा घालू लागला. भावजय भिंतीला टेकून मनगट चोळत होती. मी मशीन बंद करायला गेले, तर ठमीने माझा हात घट्ट धरला.

"राहू दे आत्या. बाबा अजून आहे."

मी पोलिसांना फोन लावला.

"अहो बाई, ते मशीन आधी बंद करा, काही ऐकू येत नाही!" पलीकडचा माणूस वैतागला.

"नाही करणार!" मी ओरडले, आणि बेंबीच्या देठापासून पुन्हा पत्ता सांगितला.