उद्घाटनाआधीचा उतार

सकाळी दहा वाजता बोरखेडीच्या मठासमोर बांधलेल्या नव्या सिमेंटच्या उताराला लाल फीत बांधण्यात आली. त्या क्षणापासून उतारावरून कोणालाही जाता येईना.

१९८१ हे जागतिक अपंग वर्ष होते आणि पाथरी तालुक्यातल्या या गावाने ते फार मनावर घेतले होते. मठ जुना, दगडी. जोते माणसाच्या उंचीचे, पायऱ्या गुडघ्याएवढ्या. तिथे दर वर्षी शिवनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. ज्याच्या गळ्यात वीणा त्याचा पहारा, आणि त्या पहाऱ्यात भजन त्याने सांगायचे.

सिद्धम्माचे पाय लहानपणीच पोलिओने गेले. चाके लावलेल्या फळीवर बसून, हातांनी जमीन मागे रेटत ती गावभर फिरते. इतकी वर्षे ती मठाबाहेरच्या लिंबाखालून भजनाला साथ देत आली. उचलून वर नेऊ म्हणणारे पुष्कळ होते.

"मी काय सरकीचं पोतं हाय?" असे विचारून तिने त्यांना वाटेला लावले होते.

तिला गाणे शिकवणारे गुरुसिद्धप्पा ऐंशीच्या घरात होते. उतार झाला की दहा ते बाराचा पहारा सिद्धम्माचा, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. पुढच्या सप्ताहाला आपण असू की नाही कोण जाणे, असेही म्हणाले होते.

उतार झाला. आता फीत होती.

"थांब अक्का," छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेला मुंजाजी म्हणाला. "उद्घाटन व्हायचंय."

"पहारा माझा हाय. अप्पा वर वाट बघायलेत."

"समाजकल्याणचे सायेब परभणीहून निघालेत."

"मंग सायबाचा हाय का पहारा?"

मुंजाजीने बिल्ला सारखा केला. तेवढ्यात मठाच्या समितीचे अध्यक्ष दिनकरराव आले.

"सिद्धम्मा, हे समदं तुझ्यासाठीच चाललंय. गावाचं नाव पेपरात येणार. जरा दम धर," ते म्हणाले, आणि खाली बघून पुढे म्हणाले, "आन् फळी तेवढी लिंबाखाली घे. फोटोत येती."

उतारावर गुलाबी रांगोळीत 'सुस्वागतम्' काढले होते. समोर साहेबांसाठी सोफा मांडला होता. भोंग्यावरून कोणीतरी सांगत होते, "अपंग बांधवांनी कृपया उतारापासून दूर बसावे."

वर गुरुसिद्धप्पा वीणा घेऊन उभेच होते. त्यांचा स्वतःचा पहारा दहालाच संपला होता.

"अप्पा, आणा इकडं. मी धरतो," समितीचा सचिव शिवरुद्र म्हणाला. त्याचे किराणा दुकान होते आणि त्याला मोकळी जागा बघवत नसे.

"तुझा पहारा रातचा. हा तिचा हाय."

अकरा वाजून गेले. साहेब आले नाहीत. गुरुसिद्धप्पांचा आवाज चिरकू लागला आणि एका ओळीच्या मध्यावर थांबला. लिंबाखालून सिद्धम्माने ती ओळ उचलली आणि पुरी केली. मग तिने फळी उताराकडे वळवली.

फीत साहेबांच्या पोटाच्या उंचीवर बांधली होती. फळीवर बसलेल्या बाईचे डोके तिच्याखालून सहज जाते, हे समितीत कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. उतार ज्यांनी ज्यांनी पाहिला, त्यांनी उभ्यानेच पाहिला होता.

"अक्का! रांगोळी, रांगोळी!" मुंजाजी ओरडला. फितीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, त्यामुळे तो अलीकडेच राहिला.

सोफ्याला जागा हवी म्हणून उतार आखूड केला होता. आखूड केल्यामुळे तो इतका चढाचा झाला, की निम्म्यावर फळी मागे घसरू लागली. सिद्धम्माने ती सोडून दिली. फळी खाली येऊन साहेबांच्या सोफ्याला थडकली. सिद्धम्मा 'सुस्वागतम्'वरून हातांनी सरपटत वर गेली.

"अप्पा, वीणा उभ्यानंच घ्यायची असती," शिवरुद्र म्हणाला.

"गळ्यात असती रे वीणा. पायात न्हाई." गुरुसिद्धप्पांनी वाकून वीणा तिच्या गळ्यात घातली. दांडीला गुलाबी बोटे उमटली. उरलेला पहारा तिने बसून गायला. भोंगा साहेबांसाठी राखून ठेवला होता, म्हणून ते गाणे मठातल्यांनीच ऐकले.

साहेब दीडला आले. पुसलेल्या रांगोळीकडे बघून त्यांनी विचारले, "उतार वापरात आहे?"

दिनकररावही रांगोळीकडे बघू लागले.

"वापरातल्या वस्तूचं उद्घाटन मी कसं करणार, दिनकरराव?"

ते पायऱ्यांनी वर गेले, अपंगांना संधी द्यायला हवी असे बराच वेळ बोलले आणि जेवून निघून गेले. फीत कोणी कापली नाही.

त्यानंतर समितीची बैठक झाली. बसून घेतलेल्या वीणेमुळे सप्ताह मोडला, असे शिवरुद्रने मांडले. तसे असेल तर नव्याने बसवा, दहाचा पहारा तिलाच द्या, असे गुरुसिद्धप्पा म्हणाले. निर्णय पुढे ढकलला गेला, आणि त्यानंतर आणखी एकदा. फीत कापायची नाही आणि सोडायचीही नाही, यावर मात्र एकमत झाले.

गुरुसिद्धप्पांनी पावसाळ्यापासून अंथरूण धरले आहे. सिद्धम्मा रोज संध्याकाळी फितीखालून मठात जाते. पुढच्या सप्ताहात दहाचा पहारा कोणाचा, हे अजून ठरलेले नाही.