मागचं दार

रसिकाने आगीच्या सरावासाठी भोंग्याचं बटण दाबलं आणि बायकांबरोबर तीही मागच्या दाराकडे धावली. काजू फोडणाऱ्या वीस-पंचवीसजणी हातातलं काम टाकून उठल्या, यंत्रांमधल्या वाटेने रांगेत निघाल्या, कुणी आरडाओरडा केला नाही. सगळं शिकवल्याबरहुकूम चाललं होतं. मग उंबऱ्याशी येऊन रांग थांबली.

थांबली म्हणजे सर्वांत पुढची काशीबाई थांबली. तिने वाकून डाव्या पायातली चप्पल काढली, मग उजव्या पायातली, दोन्ही भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि मगच बाहेर पाऊल टाकलं. तिच्या मागचीनेही तेच केलं. तिसरीच्या चपलेचा पट्टा अडकला. मागून धावत येणाऱ्यांना पुढचं काय दिसणार? त्या येऊन आदळत राहिल्या. त्या रेट्यात विनीता खाली पडली आणि दोघी तिच्यावरून गेल्या.

"अगो, थांबा गो! माका तुडवतास काय?" विनीता ओरडली.

रसिकाने तिला ओढून बाहेर काढलं, सावलीत बसवलं. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. पाणी पिऊन ती हसायलाही लागली. पण तिच्याशेजारी बसलेल्या रसिकाचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. ते अनवाणी होते. चपला कधी काढल्या, तिला आठवेना. रसिका घाबरली ती तेव्हा.

दाराबाहेर चार पावलांवर राखणदाराचं, वाडीची शीव राखणाऱ्या देवाचं, स्थळ होतं. सातवणीच्या झाडाखाली जांभ्या चिऱ्यांचा ठेंगणा कठडा आणि मधे एक उभा पाषाण. वाडीतलं शेंबडं पोरही तिथून जाताना चपला काढतं. ते कुणी शिकवावं लागत नाही. आजवर त्याचा कारखान्याला काही त्रास नव्हता, कारण या बाजूला कुणी फिरकतच नसे. पण मालक गुरुदासने जुनी भट्टी मोडून बॉयलर आणला, त्याचे वाफेचे नळ पुढच्या मोठ्या दारावरून गेले आणि ते दार कायमचं बंद झालं. रोजची ये-जा ऑफिसातून होई, पण ती वाट बॉयलरला वळसा घालून जाणारी, आगीत काही कामाची नाही. म्हणून मागची भिंत फोडून हे नवं दार काढलं होतं.

कोल्हापूरचे सल्लागार येऊन सगळं तपासून गेले होते. बॉयलरचा व्हॉल्व्ह, भोंगा, दाराची रुंदी, भिंतीवरचा हिरवा बाण. राखणदारालाही त्यांनी भक्तिभावाने हात जोडले होते. पण ते दाराच्या आत उभं राहूनच, त्यामुळे बूट काढायची वेळच आली नव्हती. त्यांना काय कळणार!

रसिका लग्नाआधी बांद्याहून कंपनीच्या बसने गोव्यातल्या औषधांच्या कारखान्यात जायची. तिथल्या साहेबांनी एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसवली होती. कारखान्यात काहीही बदललं, की काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी तो बदल पायांनी चालून बघायचा. इथे सुपरवायझर झाल्यावर ती तसंच करी, आणि गुरुदास तिला त्यावरून चिडवी. आज मात्र तो चिडवायच्याही मनःस्थितीत नव्हता. कच्च्या काजूची पोती येऊन पडली होती आणि सोमवारी बॉयलर पेटवायचा होता.

"खरी आग लागली तर चपला काढूक कोण थांबतला गो?" तो म्हणाला. "जीव घेवन पळतले सगळी. ह्या नुसता नाटक होता, म्हणान थांबली."

"माझ्या पायातली चप्पल कधी गेली ता माकाच कळूक नाय, दादा. आगीत तरी कसा कळतला?"

गुरुदास दारात उभा राहून पाषाणाकडे बघत राहिला.

"मगे तो पाषाण वायच बाजूक..." एवढं बोलून त्याने जीभ चावली आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे पाहिलं. पाषाणाला हात लावणारा माणूस साऱ्या पंचक्रोशीत मिळाला नसता, आणि मिळाला असता तर गुरुदासनेच त्याला हाकलून दिलं असतं. राहता राहिली पलीकडची भिंत. तिथे दार काढायचं तर यंत्रांची अख्खी ओळ उखडावी लागणार आणि ऐन हंगामात कारखाना बंद पडणार. इकडे आड, तिकडे विहीर.

तोड काशीबाईनेच सुचवली. ती सगळ्यांत जुनी. गुरुदासला तिने कडेवर घेऊन फिरवलेलं, त्यामुळे मालक असला तरी तिच्या लेखी तो अरेतुरेतलाच.

"देवाक इचार मरे. हरिश्चंद्राक बोलव, गाऱ्हाणा घाल."

वाडीत नवं काही करायचं तर देवाला गाऱ्हाणं घालायचं काम हरिश्चंद्राचं. म्हातारा संध्याकाळी आला, सगळी हकीकत ऐकली आणि पान चघळत खुदकन हसला.

"देवाचा काय? तो स्वतः रातचो वाहणा घालून शीव राखता. जीवावर बेतला आणि तुमी चपला घालून गेलात, म्हणान रागावतलो थोडोच! उद्या घालतंय गाऱ्हाणा. देव आयकतलो." मग भिंतीशी ठेवलेल्या चपलांकडे बघत तो रसिकाला म्हणाला, "पाय आयकतले काय, ता मात्र तू बग."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी जमली. हरिश्चंद्राने नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा राखणदारा म्हाराजा! ही तुझी लेकरा पोटासाठी हयसर राबतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"उद्या आगीचो, वाफेचो प्रसंग इलोच, तर तेंच्या पायात काय आसा ता बगू नको म्हाराजा! तेंका सुखरूप भायर काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज गुरुदासचा होता. बायकांचे चेहरे मोकळे झाले. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत विनीता म्हणाली, "आता मी कशी पळतंय ता बगा."

रसिकालाही बरं वाटलं. पण म्हाताऱ्याचं बोलणं तिच्या मनातून जाईना. विनीता काल कशी पडली ते तिने पाहिलं होतं, आणि मागे खरोखर वाफ असती तर विनीता उठली नसती हेही तिला दिसत होतं.

"दादा, बॉयलर पेटवायच्या आधी परत एकदा पळान बघूचा लागतला," ती म्हणाली. "आणि ह्या टायमाक दारात एक जरी माणूस थांबला, तर दार दुसरीकडे काढूचा. शब्द द्या माका."

"दिलो शब्द!" गुरुदास जोरात म्हणाला. "मी स्वतः पुढे पळतंय. देवान परवानगी दिल्यान, आता कसलो अडसर?" गाऱ्हाण्यासाठी काढून ठेवलेले बूट त्याने पुन्हा चढवले आणि नाड्या करकचून बांधल्या.

बायका आपापल्या यंत्रांशी जाऊन बसल्या. गुरुदास त्यांच्या पुढे, वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. रसिका बाहेर, सातवणीच्या पलीकडे गेली, म्हणजे दार समोर दिसेल. तिने आतल्या ऑपरेटरला हाक मारली आणि भोंगा सुरू झाला.

गुरुदास धावत निघाला. वय आणि पोट पाहता बराच वेगात. मागून काशीबाई, तिच्या मागे विनीता, मग बाकीच्या. साऱ्यांच्या पायांत चपला होत्या आणि कुणी खाली बघत नव्हतं. झालं, जमलं, असं रसिकाच्या मनात येतंय तोच गुरुदास उंबऱ्याशी पोचला आणि थांबला. एक गुडघा टेकून खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

काशीबाईने त्याच्या पाठीवर हात टेकून स्वतःला कसंबसं सावरलं. तिच्या मागे विनीता, विनीताच्या मागे अख्खी रांग. दार गच्च भरून गेलं. नाडी करकचून बांधलेली, गाठ काही सुटेना, आणि भोंगा वाजतच होता.

"गुरुदासा," काशीबाई हळूच म्हणाली, "आग लागली हा."

गुरुदासचे हात थांबले. त्याने मान वळवून दारात दाटलेल्या बायकांकडे पाहिलं, मग समोर रसिकाकडे. कुणीही हसलं नाही.

"गवंड्याक फोन लाव गो," तो म्हणाला, आणि बसल्या जागी पुन्हा नाडीची गाठ सोडवू लागला.