नवं दावं

जैनथच्या बाजारात दुकानदारानं ते दावं दोन्ही हातांनी ताणून दाखवलं होतं. "देखो अम्मा, नायलॉन का है. हाथी बांधो तो भी नहीं टूटेगा."

"आमच्या घरी हत्ती नाही बाप्पा, गाय हाय," जयवंताबाई हळूच हसून म्हणाल्या आणि लाल-पिवळं, घुंगरं ओवलेलं ते दावं त्यांनी पिशवीत घातलं.

चंद्रीच्या गळ्यात होतं ते दावं अंबाडीचं. झिजून झिजून त्याच्या दशा निघाल्या होत्या. अशा दाव्यावर गाय पुजायची कशी? तीही वसुबारशीला, आणि तीही या वर्षी.

चंद्री मागे दोनदा गाभडली होती, जिवंत वासरू हाती लागलंच नव्हतं. बारस आली की जयवंताबाई हातात ताट घेऊन भगवानरावांच्या दारी जायच्या. दुसऱ्याच्या गाईला ओवाळायच्या, दुसऱ्याच्या वासराला टिळा लावायच्या. दिवस उगवला की गाईला भाकरीचा घास द्यायचा, तिनं घेतला की मगच आपल्या तोंडात पाणी घालायचं, हा त्यांचा नेम लग्न होऊन या गावात आल्यापासूनचा. चातुर्मासात उंबऱ्याशी रांगोळीची गोपद्मं कधी चुकली नाहीत. देवाकडे मागणं एकच होतं, आपल्या दावणीला गाय-वासराची जोडी उभी राहू दे. आणि यंदा नवरात्र सरलं तशी चंद्री व्याली. कालवड झाली, तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका घेऊन आलेली. नाव ठेवलं गोदी.

गाईचा कोठा शेतात होता. तीन बाजूंनी माणसाएवढी कपाशी, मागे नाला. जयवंताबाईंच्या नवऱ्यानं, सुधाकररावांनी गोदीसाठी कोठ्याच्या कोपऱ्यात बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, त्यावर तेलाचे रिकामे डबे टांगले. धुऱ्यावरून, दोन शेतांमधल्या बांधावरून, भगवानराव बघत उभे राहिले.

"काय सुधाकरराव, किल्ला बांधून राह्यले का? वाघ आला त दात कोराले बरे होतील त्याले हे काटे!"

"वाघाचं भेव नाही गड्या. वाघ आला त सारा गाव जागते, फोटो काढाले पोट्टे धावतात. कोल्हा आला त कोणाले पत्ताच लागत नाही."

"कोल्हा! कोल्हा का वासरू नेते काय? बोरं खाणारी जात ते."

"मागच्या साली तुमचे बकरीचे पिल्लं का मग बोरं होते?"

भगवानरावांनी आपल्या शेताची वाट धरली. पण आठ दिवस गावभर 'सुधाकररावाचा किल्ला' म्हणून हसणं चाललं होतं.

बारशीच्या सकाळी जयवंताबाईंनी कुंपणाचा झापा उघडला. त्या दिवशी वासरू कोंडायचं नाही, बांधायचं नाही. गाईचं सारं दूध त्याचं. ही रीत त्यांच्या आईची, आईच्या आईची.

"सोड ना, कोण नाही म्हणते," सुधाकरराव म्हणाले. "पण मंग गाईलेही मोकळी ठेव. मोकळ्या गाईजवळ कोल्हा फिरकत नाही. एक बांधलं न् एक सोडलं, असं नोको करू."

"अवो, मोकळी गाय पूजेले उभी राहीन काय? मागं पाडव्याले शेजारच्या रश्मीच्या हातचं ताट उडवलं तिनं. बाया येतील, साऱ्यांची पूजा व्हायची हाय."

सुधाकररावांना जैनथहून गाईसाठी सरकीची ढेप आणायची होती. निघता निघता ते परत वळले. "मी येईस्तोवर वासराजवळून हलू नोको."

"नाही हलत."

दिवसभर त्या हलल्या नाहीत. चंद्रीला धुतलं, शिंगांना गेरू लावला, जुनं दावं काढून खुंटीला टांगलं आणि नवं बांधलं. चंद्रीनं मान हलवली की घुंगरं वाजत. गोदी पोट फुटेस्तोवर प्यायली, उड्या मारून दमली आणि आईपासून चार हातांवर, कपाशीच्या कडेला ऊन बघून झोपली. जयवंताबाईंचा उपास होता, पण भूक म्हणून कुठं जाणवली नाही.

दिवस कलला. पूजा गोरजाच्या वेळेची. नाल्याच्या पलीकडून सुनेची, सुनयनाची हाक आली. "आत्याबाई, जरा या वो! शेवाळावर पाय घसरून राह्यला, हातात निवदाचं ताट हाय."

त्यांनी गोदीकडे पाहिलं. ती झोपेत कान हलवत होती. नाला असा हाकेवर. त्या गेल्या.

ताट घेतलं, सुनेला हात दिला. ज्वारीची भाकर, गवारीची भाजी, उडदाचे वडे, सगळं ठीक आहे ना म्हणून वरचं फडकं उचलून पाहिलं. तेवढ्यात कोठ्याच्या पलीकडून घुंगरं वाजू लागली.

सुनयना थबकली. "किती गोड वाजते वो आत्याबाई, नवं दावं!"

"वाजते ना?" जयवंताबाईंचा चेहरा फुलला. दोघी क्षणभर ऐकत उभ्या राहिल्या.

घुंगरं थांबेनात. मग चंद्री हंबरली, आणि त्या हंबरण्यात जे होतं ते ऐकून जयवंताबाईंच्या हातून ताट निसटलं.

त्या धावत पोचल्या तेव्हा कपाशीत दोन-तीन शेपट्या हलताना दिसल्या न दिसल्या. गोदी ओळीत आडवी पडली होती. पोटाकडून धरलं होतं तिला. डोळे उघडे होते. जयवंताबाईंनी तिला मांडीवर ओढून घेतलं, जखमेवर पदर दाबला. गोदीनं तोंड वर करून त्यांचं बोट धरलं, दोनदा चोखलं आणि सोडून दिलं.

इकडे चंद्री खुंट्याभोवती फिरून फिरून दाव्यात गुंतली होती. गळ्याचं कातडं सोललं होतं. मान खाली दाबून ती ओढतच होती, आणि घुंगरं वाजतच होती. गाठ सुटेना. सुनयनानं विळा आणला, तेव्हा कुठं ते दावं कापलं गेलं. चंद्री कुठे पळाली नाही. मांडीवरच्या गोदीला चाटायला लागली, जशी जन्मली त्या दिवशी चाटली होती. वार पुसावी तसं रक्त चाटून काढत राहिली.

गावातल्या बाया ताटं घेऊन आल्या. निरांजनं तशीच पदराआड धरून परत गेल्या.

सुधाकरराव आले. त्यांनी सगळं पाहिलं आणि ढेपेचं पोतं खाली ठेवलं. जयवंताबाई वाट बघत होत्या, की आता हे बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. ते कुदळ घेऊन नाल्याकाठच्या उंबराखाली खड्डा खणू लागले.

भगवानराव आले होते. चाचरत म्हणाले, "वयनी, कातडं काढून भुसा भरू. समोर ठेवलं त गाय पान्हा सोडीन. नाही त थान सुजते."

"नाही भाऊ," जयवंताबाई म्हणाल्या. "एकदा फसवलं मी तिले. आता नाही."

खुंटीवर जुनं दावं लटकत होतं. त्यांनी ते हातात घेतलं. ताणावंसं का वाटलं कोण जाणे. थोडंसंच ताणलं असेल, ते मधोमध तुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाकर घेऊन गेल्या. चंद्रीनं तोंड फिरवलं. कास दगडासारखी झाली होती. जयवंताबाई घास पुढे धरून उभ्याच राहिल्या. अंगावर कालचंच लुगडं होतं, बदलायचं भान कुणाला होतं? तेवढ्यात चंद्रीच्या नाकपुड्या हलल्या. तिनं त्यांच्या पदराला तोंड लावलं. रक्त वाळून कडक झालेला तो पदर ती चाटू लागली, हळूहळू, कडेकडेनं. आणि खाली मातीवर दुधाची धार लागली. मग तिनं भाकर खाल्ली.

त्या दिवसापासून जयवंताबाईंनी ते लुगडं धुतलं नाही. पहाटे आंघोळ, धुतलं वस्त्र, देवपूजा, रांगोळी, सगळं नेमानं. मग ते मळकं लुगडं अंगावर घेऊन कोठ्यात. दिवाळी तशीच गेली. पाडव्याला सुनयना भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, वास येते वो त्याचा."

"येऊ दे बाई. त्याच वासासाठी नेसतो मी."

चंद्री रोज आधी पदर चाटायची, मग घास घ्यायची. तिच्या गळ्यात आता दावं नव्हतं. जखमेवर खपली धरली होती.

कार्तिकी एकादशी जवळ आली. एका सकाळी जयवंताबाईंनी पदर पुढे केला. चंद्रीनं हुंगला. एकदा, परत एकदा. मग पदर बाजूला सारून तिनं हातातली भाकर ओढली आणि सावकाश चघळत कपाशीकडे पाहत उभी राहिली.

"विसरली वो ते," मागून सुधाकरराव म्हणाले. बारशीनंतर त्या गोष्टीबद्दल ते प्रथमच बोलले होते. "चांगलं झालं. जनावराचं असंच असते. आता तूही दोन घास खा न् धुऊन टाक ते."

"हाव," जयवंताबाई म्हणाल्या.

त्या नाल्यावर गेल्या. उंबराखालची माती आता सपाट झाली होती, तिच्यावर गवताची पाती आली होती. दगडावर लुगडं ठेवून त्यांनी पदर सोडवला, पाण्याजवळ नेला. मग तो तोंडाशी धरला आणि हुंगला. त्यांना अजून वास येत होता.

पाणी वाहत होतं. जयवंताबाई तशाच बसून राहिल्या.