बासरी संपायच्या आधी

"बाबा, तुम्ही बहिरे झालात का हो?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. बाबा माझ्याकडे पाठ करून दाराशी बूट चमकवत बसले होते. घरात माझं नाव भोंगा, पण आज मी आवाज मुद्दाम बारीक केला.

"हो हो, निघायचंच आहे! आईला म्हणावं, आटप," बाबा म्हणाले.

खरं तर हसू यायला हवं होतं. पण आलं नाही.

त्याचं असं झालं, माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या, म्हणजे नाकतोडीच्या, ताईची स्कूटर बाबांनी गॅरेजमधून 'ठणठणीत आहे' म्हणून परत दिली, आणि ती स्कूटर चौकापर्यंत इंजिनातून शिट्टी मारत गेली. अख्ख्या रस्त्याने ऐकली, बाबांनी नाही. "हिंमत असेल तर विचारूनच बघ," नाकतोडी म्हणाली. पण माझे बाबा म्हणजे इंजिन सुरू करून, डोळे मिटून गाडीचं दुखणं सांगणारे! लोक त्यांना कानवाले मिस्त्रीच म्हणतात. कानच गेले तर गॅरेजवर फिरकणार कोण? टीव्हीच्या आवाजावरून आईने एकदा डॉक्टरचं नाव काढलं, तर बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

आणि आज तर तो विषय काढायची सोयच नव्हती. बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतला, भांडून फुटलेला लाडका बँड आज पुन्हा एकत्र वाजवणार होता.

"शेवटचं गाणं नीट ऐक हं भोंग्या," बाबा वाटेत म्हणाले. "ड्रम थांबतात, गिटार थांबते, नुसती बासरी उरते. तेव्हा खोकायचंसुद्धा नाही. मध्येच कुणी टाळी वाजवली की आम्ही त्याला 'पाहुणा' म्हणायचो. मग तो जन्माचा पाहुणा!"

"मी वाजवली होती," आई मागून म्हणाली.

बाबांनी मान वळवली. "काय?"

"मी! वाजवली! होती!"

"म्हणून तर लग्न केलं. पाहुणीला घरचं करून टाकलं."

हॉलमध्ये ड्रम सुरू झाले आणि खुर्च्या थरथरल्या. बाबा मोठमोठ्याने गात होते, मी उड्या मारत होते, आई आम्हा दोघांना ओळखत नसल्यासारखी बसली होती. मी तर पैजही विसरले.

मग शेवटचं गाणं आलं. ड्रम थांबले. गिटार थांबली. पिकल्या केसांच्या बासरीवाल्याने बासरी ओठांना लावली. हॉलभर सगळ्यांनी जिवाचा कान केला.

बाबांचे डोळे मिटलेले. बोट खुर्चीच्या दांडीवर ठेका धरत होतं, बासरीबरोबर अगदी बिनचूक. येतंय! ऐकू येतंय की त्यांना! मला नाकतोडीला तिथल्या तिथे फोन लावावासा वाटला.

इतक्यात बासरीवाल्याने एक सूर धरला आणि सोडेचना. अंगावर काटा आला. बाबांचं बोट मात्र थांबलं नाही. ते पुढे निघालं, जुन्या कॅसेटच्या चालीने. बाबा ऐकत नव्हतेच. ते आठवत होते.

बोट थांबलं. बाबा हसले, आणि त्यांचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले.

पाहुणा!

मी झडप घालून ते हात पकडले. बाबांनी चिडून डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग स्टेजकडे. बासरी अजून ओठांवरच होती. बासरीवाल्याची बोटं हलत होती.

बाबा हात ओढून घेतील असं वाटलं. नाही घेतले. ते त्याच्या बोटांकडे टक लावून बघत राहिले. बासरी खाली आली तेव्हाच मी हात सोडले. हॉल दणाणला. बाबांनी सगळ्यांत शेवटी टाळी वाजवली.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "त्यांचे हात कशाला गं धरलेस?"

मी काही बोलायच्या आत बाबाच हळूच म्हणाले, "लांबवली वाटतं त्याने बासरी. कशी झाली?"

'छान' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण बाबांना नीट कळणारा घरातला एकमेव आवाज माझा होता. तो मी भोंग्यासारखा पूर्ण सोडला.

"आई, बाबा, दोघंही ऐका. उद्या माझी शाळेला दांडी. सकाळी गॅरेजला कुलूप मी लावणार आणि बाबांना कानाच्या डॉक्टरकडे मी नेणार. आणि सुट्टी लागली की मी गॅरेजवर बसणार. शिट्टी मी ऐकेन बाबा, ती कुठून येते ते तुम्ही सांगायचं!"