मेलेले पाणी आणि सात समुद्रांच्या किल्ल्या

सुज्ञ वाचकहो! आमच्या यंगीयाप गावी नवरोजच्या सणात कोरडी विहीर कशी भरली, तिच्या काठावर शहाणीसुरती माणसे कशी नाचली आणि अखेरीस एका लोखंडी पळीने सत्य कसे उघडकीस आणले, तो सर्व वृत्तांत मी यथामती सादर करीत आहे.

त्या सकाळी चहाखान्यामागच्या जुन्या विहिरीभोवती मुंगीला शिरायला वाव नव्हता. सनई वाजत होती. म्हातारे खांदे उडवीत लाझगी नाचत होते. एकाची मेंढीच्या कातड्याची टोपी विहिरीत पडली, तरी तो थांबेना! कारण खडखडीत म्हणून कित्येक वर्षे कोणी वाकूनही न पाहिलेल्या त्या विहिरीत पाणी चढत होते. गावात नुकतेच अवतरलेले सिद्धपुरुष हजरत खुदायनजर रोज कठड्यावर झाऊची काठी आपटीत, आणि दुसऱ्या दिवशी पाणी वर आलेले असे.

"ऊठ रे पाण्या!" हजरतांनी आरोळी ठोकली आणि कमरेचा जुडगा खुळखुळवला. "सात समुद्रांच्या किल्ल्या आहेत या! मला विचारल्याशिवाय भरती येत नाही!"

"आणि ओहोटी?" शाळेतल्या सापरगुलबाईंनी मागून विचारले.

"ती रजेवर आहे, बाई!"

गर्दी खदखदून हसली. तेवढ्यात टोमॅटोच्या नव्या काचघराचा दलाल बेकदुर्दी गाडीवर चढला.

"ऐका मंडळी! कालव्यातली गावाची पाण्याची पाळी काचघराला द्या. तुम्हाला विहीर, आम्हाला कालवा, पोरांना नोकऱ्या! करा हात वर!"

नोकऱ्यांची गोष्ट खोटी नव्हती, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. आमचे तरुण पोटासाठी परमुलखात जातात. परंतु माझी विधवा थोरली बहीण बीबीजान हिचे खरबुजाचे शेत कालव्याच्या अगदी शेपटाला आहे. पाळी गेली की शेत गेले. आणि शेताखेरीज तिला दुसरा आधार नाही.

"आपा, हात वर कर की!" कोणी तरी तिला डिवचले.

"थांब. आधी माझ्या गाढवाला विचारते."

तिने बादलीभर पाणी काढून गाढवापुढे ठेवले. गाढवाने हुंगले आणि तोंड फिरवले.

"गाढवाला गुळाची चव काय!" बेकदुर्दी ओरडला.

सापरगुलबाईंनी बोट बुडवून चाटले. "गुळाची नाही हो, मिठाची आहे. हजरत, समुद्राची किल्ली जरा जास्तच फिरली वाटतं!" मग कालव्याचे पाणी वाटून देणाऱ्या मिराबाकडे त्या वळल्या. "ओतानियाझकाका, वरच्या शेतांत सध्या काय चाललंय?"

"धुणं. जमिनीतलं मीठ निघावं म्हणून पाणी भरून ठेवलंय. दरसालचंच."

"ते पाणी जातं कुठं?"

"जाईल कुठं? मरतं."

शेतात मुरलेल्या पाण्याला आमच्याकडे 'मेलेले पाणी' म्हणतात. बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"मेलं तर पुरलं कुठं?"

आजोबापणजोबांपासून आम्ही तो शब्द उच्चारीत आलो. त्या पाण्याची कबर कोणी शोधली नव्हती.

"धुणं चालू असेपर्यंत जमिनीखालचं पाणी चढतं," बाई म्हणाल्या. "धुणं संपलं की उतरतं. खरबुजं लावायच्या वेळी या विहिरीत बेडूकही उरणार नाही."

"पाखंड!" हजरत कडाडले. "मग गावातल्या बाकीच्या विहिरी का नाही भरल्या?"

"भरल्या नाहीत हे कुणी पाहिलंय? झाकणांना कुलपं तुम्हीच घातलीत ना!"

आणि ते अक्षरशः खरे होते. 'मत्सरी पाण्याने सूर्य पाहिला तर बरकत चोरील,' असे सांगून हजरतांनी आल्याबरोबर गावातल्या जुन्या पडीक विहिरी बंद करवल्या होत्या.

"किल्ल्या द्या."

"या समुद्रांच्या आहेत!"

आपा शेजारीच सुमलकची, म्हणजे गव्हाच्या मोडांच्या नवरोजच्या खिरीची, कढई ढवळत होती. ती निथळती पळी घेऊनच उठली. "माझ्या अंगणात कुठला समुद्र आलाय, बघूच!"

सारा गाव तिच्यामागून तिच्या अंगणातल्या विहिरीशी. एक घाव, कुलूप दूर, झाकण बाजूला. आत पाणी लखलखत होते!

मग काय विचारता! कोणी फावडे घेऊन धावले, कोणी बत्ता. "माझीही भरली!" "माझी तर काठीशिवाय भरली!" चहावाल्याने आपल्या विहिरीवर किटली आपटून स्वतःला हजरत घोषित केले आणि म्हाताऱ्यांनी पुन्हा लाझगी धरली. या गोंधळात खरे हजरत सटकू लागले. परंतु घंटा बांधलेला बोकड लपणार कसा? किल्ल्या खुळखुळल्या आणि सापडले. त्यांतली एक किल्ली उरलेल्या कुलपाला लावताच ते खटकन उघडले. हा गृहस्थ पूर्वी शेतांतले निचऱ्याचे चर खोदणाऱ्या टोळीत होता, म्हणून पाण्याचे चढउतार जाणत होता. आणि बेकदुर्दीचा सख्खा मेहुणा होता.

ओतानियाझकाकांनी बेकदुर्दीला जवळ बोलावले. "काचघर आम्हाला हवंय. पण पाळी गावाची. नळ्या टाका, थेंब थेंब पाणी द्या. आमच्याही शेतांत टाकून द्या. वाचेल तेवढं तुमचं."

"आणि मालक नाही म्हणाले तर?"

"तर ही विहीर घेऊन जा," आपा म्हणाली. "टोमॅटोचं लोणचं वेलीवरच तयार होईल!"

मालक कुरकुरले, पण कबूल झाले. त्या वर्षीचे पहिले खरबूज आपाने त्याच विहिरीच्या कठड्यावर कापले. विहीर कोरडी होती. तळाशी म्हाताऱ्याची टोपी तेवढी दिसत होती. पहिली साल गाढवाला मिळाली.

वाचकहो, चमत्कार दिसला तर हात वर करण्याआधी शेजारची विहीर उघडून पाहा. पाणी मरत नाही. ते शेजाऱ्याकडे जाते. म्हणून ते वाटून घ्यावे लागते, आणि वाटण्यासाठी किल्ली नव्हे, अक्कल लागते.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल शतशः आभारी असलेला,
रोझमत सापायेव, यंगीयापकर