सुभद्राबाईच्या बांधावरची देवी

चैत्र सरला तसं आमच्या गावात पाणी सोडून सगळं येऊ लागलं. तलवाड्याच्या बाजूनं ट्रॅक्टर आले, टमटम आल्या, नारळवाले आले, बर्फाचा गोळा विकणारा आला, आणि त्याच्या मागोमाग चपला सांभाळणारासुद्धा आला. सगळी वर्दळ सुभद्राबाईच्या पाऊण एकराच्या तुकड्याकडं. तिथल्या बांधावरच्या बाभळीला हिरवं लुगडं गुंडाळलं होतं आणि तिच्या बुडाशी दूध सोसायटीचा टँकर नळीनं पाणी सोडत होता. ज्या गावात बाया एका हंड्यासाठी रांगेतच लेकरं झोपवायच्या, त्या गावात बाभूळ रोज आंघोळ करत होती.

बाभळीखाली, गादीवर, भगीरथनाथ महाराज. मोबाइल दोन, अंगठ्या आठ. त्यांचा आवाज कर्ण्यातून शाळेपर्यंत यायचा, आणि माझ्या वर्गातली पोरं पाढे सोडून तेच म्हणायची.

“माई इथं उभी राहिली, म्हणजे सात हात खाली गंगा हाय. पण गंगा सोताच तान्हेली हाय. आधी तुमी तिला पाजा, मग ती तुमाला पाजंल. माईच्या लहरी लई कडक. वरच्या सॅटेलाइटला बी कळल्यात, पण ते लोक सांगत न्हाईत.”

सॅटेलाइटवाले का सांगत नाहीत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कारण देवी खरंच दिसली होती. एकट्यादुकट्याला नव्हे, अख्ख्या जिल्ह्याला. आणि ती दाखवली होती आम्हीच.

त्याचं असं झालं. तलवाड्यात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या शहादेवला गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. गाणं मी लिहिलं, जात्यावरच्या चालीत. आवाज सुभद्राबाईचा. तिनं बारा मुलखांत ऊस तोडला, पण तिच्या गळ्यातला गोडवा कोयत्याला काही तोडता आला नाही.

कोरड्या आडाला गं, पोहरा किती सोडू
रुसल्या आभाळाशी, सांगा कुठवर भांडू

पगार कुणालाच नव्हता. उजेड फेकायला थर्माकोलचा पत्रा धरला होता केशरबाईनं, आणि मधेच हात भरून आला की ती तो डोक्यावर घेऊन उभी राहायची, भाकरीची पाटी घ्यावी तसा. सिदूनं ढोलकी वाजवली आणि तोच पोहेही करायचा. कॅमेरा म्हणजे शहादेवचा मोबाइल. चालता कॅमेरा पाहिजे होता, तेव्हा सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव म्हणाले, माझी जीप घ्या, पण चालवणार मी. धुळीनं मोबाइल खराब होईल म्हणून शहादेव आत पुढच्या सीटवर बसला आणि काचेतूनच चित्रण केलं. दिवस मावळतीला, पुढं सुभद्राबाई रिकामा हंडा घेऊन बांधानं चाललेली, मागं बाभळीची काळी गर्दी.

व्हिडिओ लोकांपर्यंत गेला, आणि तिसऱ्या कडव्याला लोक थबकले. बाभळीपुढं, जमिनीपासून हातभर वर, एक देवी उभी. आठ हात, हिरवं लुगडं, भोवती दिव्यांची प्रभावळ. दोन श्वास दिसते आणि विरून जाते. चित्रण करताना आमच्यापैकी कुणालाच ती दिसली नव्हती. मी स्वतः तो तुकडा कितीदा पाहिला. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर महाराजांकडं तयार होतं. व्हिडिओच्या आधीच आपल्याला दृष्टान्त झाला होता, असं त्यांनी व्हिडिओच्या नंतर सांगितलं. मग हुकूम सुटला: ही जागा माईची, सुभद्राबाईनं ती माईच्या देवळाला लिहून द्यावी, शुक्रवारच्या आरतीला, सगळ्यांदेखत. कागद महाराजांच्या ट्रस्टच्या नावानं तयारही झाला.

त्या तुकड्यावर सुभद्राबाईचं कडवळ, म्हणजे वैरणीची हिरवी ज्वारी, उभं होतं. कडवळावर दोन म्हशी, म्हशींवर सोसायटीचं दूध, आणि दुधावर ती यंदा पहिल्यांदा ऊसतोडीला न जाता घरी राहिलेली. तुकडा गेला की पुन्हा कोयता. तिला ते कळत होतं. पण दीर समजूत घालून गेले, भावकी दबकावून गेली, बायका पाया पडून गेल्या. मी भेटलो तेव्हा ती टँकरच्या चिखलात आडवं झालेलं कडवळ सरळ करत होती. म्हणाली, “गुरुजी, देवीला नगं म्हणायचं तरी कसं? ती माज्याच गान्यात आली ना.”

मी शहादेवच्या दुकानात गेलो. तो खुशीत होता. इतकी वर्षं त्याचे व्हिडिओ त्याची बायको आणि सिदू एवढेच बघायचे, आणि आता नांदेडहून फोन येत होते. मी म्हणालो, गाणं चढवण्याआधीचं मूळ चित्रण दाखव. तो दुकानाच्या काउंटरच्या काचेवरची धूळ पुसू लागला. म्हणाला, “गुरुजी, आता कुठं आपलं चालाया लागलंय. महाराज बोलतोय तर बोलू द्या की. आपन थोडंच खोटं बोललो?”

“उद्या सुभद्राबाई सही करणार आहे,” मी म्हणालो. “तिचा आवाज घेतलास. आता रानही घेतोस का?”

 त्यानं ड्रॉवर उघडून मोबाइलचं जुनं मेमरी कार्ड काढलं आणि लावलं.

गाण्याखाली दडलेला आवाज पहिल्यांदा ऐकू आला. इंजिनाची घरघर, मग चाक पाण्याच्या कोरड्या चारीत आदळल्याचा दणका, लगेच ‘टप्प’ असं काहीतरी पडल्याचं, आणि त्याच क्षणी पडद्यावर देवी. पाठोपाठ विठ्ठलरावांचा घाबरा आवाज, “चुकलं गं माय, चुकलं,” आणि देवी गायब. शहादेवनं ते मागं नेऊन पुन्हा लावलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “आयला, ही तर जीपमदली माय हाय.”

शुक्रवारी दिवस कलताना गर्दी दाटली होती. महाराजांनी चमत्कार दाखवायला मोठा पडदाही आणला होता. सुभद्राबाई डोक्यावर पदर घेऊन कागदापुढं बसली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सहीच्या आधी माईचं दर्शन पुन्हा होऊ द्या. महाराज हसले. माई बोलवल्यावर येत नसते, म्हणाले. मी म्हणालो, येईल, फक्त चेअरमनसाहेबांची जीप लागेल.

विठ्ठलरावांचा चेहरा उतरला. त्यांच्या जीपमध्ये पुढच्या फळीवर देवीची तसबीर असते, भोवती बारीक दिव्यांची माळ. इतरांसारखी ती आत तोंड करून नाही. माईनं रस्त्यावर नजर ठेवावी म्हणून त्यांनी तिचं तोंड काचेकडं केलेलं.

“त्या दिवशी तसबीर पडली होती का, साहेब?” मी विचारलं.

त्यांनी टोपी चाचपली. “पडलती,” ते म्हणाले. “चाक चारीत गेलं आन् माय उतानी झाली. मी लगीच उभी केली, थोबाडीत मारून घेतल्या. देवी पडली म्हंजी अपशकुन. कुनाला सांगायचं, गुरुजी?”

जीप बाभळीपुढं आणून लावली आणि शहादेव त्या दिवसासारखा पुढच्या सीटवर बसला. मोबाइल पडद्याला जोडला. विठ्ठलरावांनी तसबीर मागं उताणी केली. आणि पडद्यावर, बाभळीपुढं, देवी उभी राहिली. आठ हात, दिव्यांची प्रभावळ. लोकांचे हात आपोआप जुळले. विठ्ठलरावांनी तसबीर उभी केली, देवी गेली. उताणी केली, आली. तिसऱ्या वेळेपर्यंत जुळलेले हात कमरेवर गेले होते.

मी समजावलं. जीपची काच तिरकी असते. तिच्याखाली आडवी पडलेली वस्तू काचेत उभी दिसते, आणि दिसते ती काचेच्या पलीकडं, रानात. घरात दिवा लावला की खिडकीच्या काचेत तो बाहेर अंगणात लटकल्यासारखा दिसतो, तसंच हे. मागं काळोखी बाभूळ होती म्हणून चित्र उठून आलं. शहादेवचं लक्ष मोबाइलच्या तडकलेल्या पडद्यावर चालणाऱ्या सुभद्राबाईकडं, विठ्ठलरावांचं पडलेल्या तसबिरीकडं, आणि आम्ही बाकीचे जीपच्या बाहेर, म्हणून तेव्हा ती कुणालाच दिसली नाही.

महाराज घसा खाकरून म्हणाले, माईनं काचेचं निमित्त केलं, अज्ञानी लोकांना तेवढंच दिसतं.

तेव्हा सुभद्राबाई उठली. जीपच्या मागच्या सीटवर विठ्ठलरावांच्या वाढदिवसाची पत्रकं पडली होती. तिनं त्यातलं एक उचललं, तसबीर पदरानं पुसून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी, दिव्यांच्या माळेच्या उजेडात, पत्रक पसरलं. पडद्यावर बाभळीपुढं विठ्ठलराव अवतरले, फेटा बांधलेले, हात जोडून हसणारे, जमिनीपासून हातभर वर.

गर्दी अशी हसली की नारळवालासुद्धा बघायला आला.

“आता ह्येंचं बी देऊळ बांधा,” सुभद्राबाई महाराजांना म्हणाली. “पर ह्येंच्याच रानात बांधा. माजं रान माज्या म्हशींस्नी लागतंय.”

विठ्ठलराव आधी खाली बघत होते, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी टँकरवाल्याला नळी काढायला सांगितली आणि टँकर गावात, बायांच्या रांगेकडं वळवला. महाराजांना त्याच संध्याकाळी दुसरा दृष्टान्त झाला असावा, कारण आरती न करताच त्यांची गाडी गेवराईच्या रस्त्याला लागली. सुभद्राबाईनं बाभळीचं लुगडं सोडलं, पिळलं, आणि त्या ओल्या लुगड्यानं आपल्या म्हशींची अंगं पुसली.

वाचणाऱ्यांनो, देवी दिसली म्हणणारी आमची माणसं खोटारडी नव्हती. त्यांना जे दिसलं ते खरंच दिसलं होतं. त्याचा अर्थ मात्र त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून घेतला, आणि आमच्या चेअरमनांनी एका अपशकुनाच्या भीतीनं खरी गोष्ट पोटात ठेवली. भक्ती ज्याची त्यानं करावी. पण कुणी चमत्कार दाखवू लागला तर हात जोडण्याआधी दोन गोष्टी विचारा. बघणारा कुठं बसला होता? आणि हे खरं मानलं, तर कुणाचं रान जाणार आहे?