हात मांडीखाली

सुताराने शर्टाची बाही आधी उजव्या, दुखऱ्या हातावर चढवली, मग शर्ट पाठीमागून ओढून घेत डावा हात घातला. बटणांपाशी त्याची डावी बोटं अडखळली, तशी त्याची बायको खुर्चीतून पुढे झुकली.

"वहिनी, हात मांडीखाली," ताई म्हणाल्या.

"मुंग्या येतात हो."

"मुंग्या आल्या तशा जातात. सवय जात नाही."

खोलीतले सगळे हसले. सुतारही हसला, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. तिने मुकाट्याने हात मांडीखाली सरकवले.

करवतीच्या यंत्राने त्याचा पंजा चिरला तेव्हापासून तिने त्याला भरवलं होतं, आंघोळ घातली होती, बटणं लावली होती. एरवी धड चार शब्द न बोलणारा माणूस त्या दिवसांत सारखा हाका मारायचा, "अगं, आहेस का?" दिवस वाईटच होते, पण त्या हाकांनी तिला आतून बरं वाटायचं. मग दवाखान्यातला हा वर्ग सुरू झाला, हातापायाने अधू झालेल्यांना आपलं आपण करायला शिकवणारा. तो घेणाऱ्या ताई काही डॉक्टर नव्हत्या. कधीकाळी त्यांचाच खांदा मोडला होता. डावा हात अजून छातीच्या वर जात नसे. आता घरात दर वाक्य 'ताई म्हणतात'ने सुरू होई. "भाजीत मीठही त्यांनाच विचारून घालत जाते," असं ती एकदा म्हणाली, तर त्याला तो विनोद वाटला.

सुताराने शेवटचं बटण लावलं आणि वर पाहिलं. आधी ताईंकडे.

वर्ग सुटल्यावर तो पाणी प्यायला बाहेर गेला. ती खुर्च्या सरळ करत रेंगाळली. नजर ताईंच्या वेणीवर होती. घट्ट, एकसारखी, एक केस सुटलेला नाही.

"वेणी छान घालता हो, असल्या हाताने," ती म्हणाली.

"मी कुठे, आमचे हे घालतात."

"म्हणजे तुम्हाला येत नाही?" तिला एकदम हलकं वाटलं.

"येते की. केस पुढे घ्यायचे, एक पेड दातात धरायचा. पण तेवढं त्यांच्याकडेच राहू दिलंय."

"त्यांना ठाऊक आहे, तुम्हाला येते ते?"

ताई फळा पुसू लागल्या. "तो विषय कधी निघाला नाही."

येताना तिने ताईंचा हेवा केला होता तो आपल्या नवऱ्यापायी. परतताना केला तो त्यांच्या नवऱ्यापायी. वाटेत सुतार काहीबाही सांगत होता. तिच्या डोळ्यांसमोर ती वेणीच होती.

सकाळी तो आरशासमोर डाव्या हाताने दाढी करत होता. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, मुद्दामच पाठमोरी.

"अगं, जरा बघ. हनुवटीखाली राहिलीय का? मला दिसत नाही."

तिने हात पदराला पुसले आणि जवळ गेली. त्याने मान वर केली, डोळे मिटले. तिने अंगठा हनुवटीखालून फिरवला, सावकाश, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. कुठे काही खुपलं नाही.

"राहिलीय थोडी," ती म्हणाली, आणि ब्रश पाण्यात बुडवला.